बावीस लाख थडगी

१

बर्फाची लादी ओढायचा लोखंडी आकडा विनीतच्या मानेत मागून असा रुतला होता, की तो सोडवायला दोन माणसांना जोर लावावा लागला. मारणाऱ्याचं एका घावावर भागलं नव्हतं. डोक्यावर चार, खांद्यावर दोन आणि शेवटचा मानेत. टेबलावरून वाहिलेलं रक्त फरशीवर आटून काळं पडलं होतं.

फौजदार जान्हवी कोयंडे दाराशी थबकली. देवगडच्या बंदरात वाढलेली मुलगी. मेलेला मासा तिने जन्मभर पाहिला होता, आणि नोकरीच्या सहा वर्षांत मेलेली माणसंही. पण या खोलीतला गारवा तिच्या अंगावर आला. मालवणच्या बंदरालगत बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर ही खोली. मच्छीमारांच्या संस्थेचा कॉम्प्युटर इथे ठेवलेला, म्हणून एसी चोवीस तास चालू. वीज गेली तर खाली कारखान्याचा जनरेटर होता.

अठरा जानेवारी दोन हजार दहा, सोमवार, दुपारचे सव्वाचार.

"मेला कधी?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"या थंडीत छातीठोक सांगणं कठीण आहे, मॅडम. सकाळी नऊच्या पुढे, दुपारी तीन-साडेतीनच्या आत. त्याहून जवळचं मला विचारू नका."

विनीत अठ्ठावीस वर्षांचा, संस्थेचं सगळं काम एकटा बघणारा. सव्वीस-अकराच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर जो तो समुद्राकडे संशयाने बघू लागला, तेव्हा संस्थेने आपल्या साठ होड्यांवर एकेक यंत्र बसवून घेतलं. होडी कुठे आहे ते यंत्र दर दोन मिनिटांनी कळवायचं, आणि ती नोंद या कॉम्प्युटरात जमा व्हायची. वर्षभराच्या नोंदी इथे होत्या. आता पडद्यावर एकच ओळ उरली होती : एकवीस लाख सत्त्याऐंशी हजार चारशे बारा नोंदी पुसल्या, काम पूर्ण. खाली वेळ होती, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं.

"म्हणजे तीन वीसला खुनी या खुर्चीत होता," मागून मोठे साहेब म्हणाले. "मारलं, पुसलं, गेला. झाली केस अर्धी. त्या वेळी इथे कोण होतं, एवढंच बघायचं."

जान्हवीने मान हलवली. पण तिची नजर खिडकीतल्या स्टीलच्या डब्यावर गेली होती. तिने रुमालाने झाकण उचललं. भात, बांगड्याची कढी, सोलकढीची बाटली. कशालाच हात लागलेला नव्हता.

दुपारी तीन-सव्वातीनपर्यंत जिवंत असलेला मालवणी माणूस जेवला कसा नाही?

२

प्रेत पाहिलं होतं रश्मीने. पिंगुळीची ही मुलगी पुण्यात शिकून आली होती, आणि नोंदी ठेवायची ही सगळी रचना तिचीच. साडेतीनला ती आली, आपल्या किल्लीने दार उघडलं आणि किंचाळत खाली धावली. खोलीच्या किल्ल्या तीनच : विनीतची, तिची आणि संस्थेचा सेक्रेटरी सत्यवान याची. दार ओढून घेतलं की आपोआप बंद होणारं.

"काल संध्याकाळी तू त्याच्याशी फोनवर भांडलीस," जान्हवी म्हणाली. "त्याच्या आईने ऐकलंय."

"भांडले. तो म्हणाला, तुझ्या यंत्रात चूक आहे. एकाच वेळी दोन होड्या एकाच जागी दिसतात, असं होईल कसं? मी म्हटलं, माझं यंत्र दहा-वीस मीटरने चुकेल, त्याहून जास्त नाही. मग म्हणाला, उद्या दुपारी ये आणि बघ."

"कुठल्या होड्या?"

"नाही सांगितलं. बुधवारच्या चौकशीसाठी नकाशा काढत होता, तेव्हा दिसलं म्हणाला."

बुधवारची चौकशी कसली, ते जान्हवीला सांगायची गरज नव्हती. आख्खा किनारा महिनाभर त्याच आगीत जळत होता. नऊ डिसेंबरला पहाटे लवू आणि त्याचा चुलता गंगाराम जाळी बघायला होडी घेऊन गेले. होडीच्या फळ्या मिळाल्या, आणि तिसऱ्या दिवशी दोघांची माशांनी खाल्लेली प्रेतं. त्याआधी दोन महिने गरीब मच्छीमारांची जाळी कोणीतरी रातोरात कापत होतं. सगळ्यांचं बोट ट्रॉलरवाल्या भाईकडे होतं. प्रेतं आली त्या दुपारी जमावाने भाईचा एक ट्रॉलर बंदरातच पेटवला. आत बाबली नावाचा खारेपाटणचा खलाशी झोपला होता. तो जळून मेला. आत माणूस आहे, हे कोणाला माहीतच नव्हतं. निदान नंतर सगळे तसं म्हणाले. झावळ्यांची पेटती चूड कोणी लावली, हे दोनशे माणसांतल्या एकानेही पोलिसांना सांगितलं नाही.

भाईला कारखान्याच्या दाराशी सव्वातीनला तिघांनी पाहिलं होतं.

"बर्फ घेवक गेललंय," भाई म्हणाला. पन्नाशीचा, रुंद हाडांचा, आवाज चढा. "ट्रॉलराक बर्फ लागता, बाय. रोजच जातंय."

"आठ दिवसांपूर्वी बाजारात विनीतला तोडायची भाषा केली होतीत."

"केललंय. माझो ट्रॉलर जाळलो, माझो माणूस भाजलो, आणि वर तो पोरगो माझ्याच विरोधात नकाशो काढता. राग येवचो नाय? पण बोलणा येगळा आणि मारणा येगळा."

तिसरा सत्यवान. गोरापान, शांत, खादीचा सदरा घातलेला. ट्रॉलरविरोधी आंदोलनाचा पुढारी. लवूच्या तेराव्याला त्याचा आवाज फुटला होता, आणि ऐकणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावला होता. पुढच्या निवडणुकीत तो उभा राहणार, हे न सांगता ठरलं होतं.

"मी सव्वादहाला बाजारातून जीपने देवगडला निघालो," पोलीस ठाण्यात वापरायच्या शुद्ध मराठीत तो म्हणाला. "सभेला. सोबत तीन माणसं. परतलो तेव्हा साडेचार झाले होते. चाळीस जणांनी मला तिथे पाहिलंय."

"सव्वादहाच्या आधी?"

"घरी. आंघोळ, पूजा." मग त्याचा आवाज खाली आला. "इनीत माका धाकट्या भावासारखो होतो, बाय. त्या मशिनीतला माका काय एक कळणा नाय. पण ज्यान ह्या केल्यान, त्याका सोडू नको."

जान्हवीने चहावाल्या सुशीलेलाही विचारून घेतलं. तिची टपरी कारखान्याच्या समोर.

"इनीत नऊ-सव्वानऊक इलो. चाय न्हेल्यान," सुशीला म्हणाली. "मगे दिसाक नाय."

"किती चहा?"

"दोन. कप अजून इले नाय माझे."

खोलीत कप नव्हते. एकही नाही.

३

मंगळवारी सकाळी मोठ्या साहेबांच्या हुकुमावरून भाईला ठाण्यात आणलं, आणि दहाच्या सुमाराला रस्ता माणसांनी भरला. कोयते, वल्ही, बांबू. पुढच्या रांगेत लवूची आई कृष्णाबाई होती. मासे विकून उभं आयुष्य काढलेली बाई, तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा.

"माझ्या लवूक खाल्ल्यान, आता इनीताक! भायर काढा तेका."

सत्यवान जीपच्या बॉनेटवर चढला. "कायदो हातात घेव नकात," तो म्हणाला. आवाज हळू, त्यामुळे गर्दी अजून पुढे सरकली. "तुमच्या घरातली किती माणसां मेली, ती मोजू नकात. पोलीस मोजतले. त्यांका येळ आसा. तुमका नाय, पण त्यांका आसा."

पहिला दगड जान्हवीच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं. ती दारात काठी आडवी धरून उभी राहिली, पण दोन शिपाई आणि एक फौजदार दोनशे माणसांना किती थोपवणार? खिडकी फुटली, मागचं दार फुटलं. भाईला त्यांनी केसांना धरून पायरीपर्यंत ओढलं. त्याने कठड्याचा गज घट्ट पकडला. कोणीतरी कोयता उगारला. पातं गजावर आपटल्याचा टणत्कार आला आणि भाईची तीन बोटं पायरीवर पडली.

त्या आवाजाने गर्दी क्षणभर थिजली. जान्हवीने रिव्हॉल्व्हर काढून आभाळात दोन बार काढले, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

रुग्णालयाच्या गाडीत ती भाईच्या मनगटाला एक ओढणी आवळून बसली होती. मघा भुवईचं रक्त पुसायला तिला कोणीतरी दिलेली ती ओढणी एव्हाना लाल झाली होती.

"बाय," भाई दातांवर दात दाबून म्हणाला, "नऊ डिशेंबराक माझे दोनय ट्रॉलर देवगडाक दुरुस्तीक चढयलेले होते. आठ दिवस. कोणी इचारूकच नाय माका."

तिला ते देवगडला एका फोनवर पडताळता आलं. तिचा चुलत भाऊ त्याच दुरुस्तीच्या आवारात कामाला होता. दोन्ही ट्रॉलर दोन तारखेपासून दहापर्यंत लाकडी ओंडक्यांवर, सुक्या जमिनीवर.

म्हणजे लवूला मारणारा ट्रॉलर भाईचा नव्हता. आणि हे महिनाभरात कोणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही.

४

"मॅडम, एक गोष्ट जुळत नाही," रश्मी म्हणाली. मंगळवारी दुपारी जान्हवीने तिला पुन्हा त्या खोलीत आणलं होतं. फरशी धुतली होती, तरी वास होता. "पुसल्यावर फाईल लहान व्हायला हवी, असं वाटतं ना? ही मोठी झालीय. जवळजवळ दीडपट."

"मग पुसलं नाही?"

"पुसलंय. पण आमच्या या डेटाबेसात पुसणं म्हणजे पाटी पुसणं नाही. प्रत्येक नोंद हा एक स्वतंत्र कागद समजा. तो आम्ही फाडत नाही. त्याच्यापुढे नवा कागद लावतो, 'हा गेला' असा. त्याला आम्ही थडगं म्हणतो. एक नोंद पुसली की एक थडगं. बावीस लाख पुसल्या की बावीस लाख थडगी. म्हणून फाईल फुगली. नंतर झाडलोट करायची एक वेगळी आज्ञा असते. ती दिली की जुने कागद खरोखर जातात. ती इथे कोणी दिलेली नाही."

जान्हवी खुर्ची ओढून बसली. "एक थडगं बांधायला किती वेळ?"

"अगदी क्षणभर."

"आणि बावीस लाख?"

रश्मीने बोटांवर हिशेब सुरू केला आणि मध्येच सोडला.

"बघायला लागेल," ती हळूच म्हणाली.

मूळ डिस्क त्यांनी सील करून ओरोसला, जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात पाठवली, तिची प्रत घेतली. त्याच मशिनला दुसरी डिस्क लावून रश्मीने तेवढ्याच मापाच्या खोट्या नोंदी भरायला लावल्या. बुधवारी सकाळी सगळ्या भरून झाल्या होत्या. विनीतने सरसकट पुसायला एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. होडीचा नंबर आणि तारीख द्यायची, किंवा काहीच न देता सगळं. तोच त्यांनी चालवला.

हजार नोंदींना सहा सेकंद लागले.

दहा हजारांना सहासष्ट.

"दहापट नोंदी, दहापटीहून थोडा जास्त वेळ," रश्मी म्हणाली. "प्रत्येक वेळी नोंद शोधायची, वाचायची, थडगं लिहायचं. होडीवार यादी आहे, तारीखवार यादी आहे, त्या दोन्ही सुधारायच्या. फाईल वाढत जाते तसा शोधही लांबतो. डिस्क एकच, तीही जुनी."

लाख नोंदींना साडेबारा मिनिटं लागली.

जान्हवीने वहीत गुणाकार केला. एकवीस लाख सत्त्याऐंशी हजार. साडेचार तास. तिने पुन्हा केला. तेच.

"माझ्या डोक्यात होतं, कळ दाबली की गेलं," ती म्हणाली.

"सगळ्यांच्याच असतं, मॅडम. थोड्या नोंदींना तसंच होतं ना. म्हणून फसतो माणूस."

त्यांनी पुसलेल्या नोंदी पुन्हा भरून पूर्ण आकडा चालवला. गुणाकारापेक्षा तास जास्त गेला. शेवटची ओळ आली तेव्हा घड्याळात पाच तास सत्तावीस मिनिटं झाली होती.

दुपारच्या तीन वीसमधून पाच तास सत्तावीस वजा केले, की सकाळचे नऊ वाजून त्रेपन्न मिनिटं येतात.

खुनी तीन वीसला त्या खुर्चीत नव्हताच. त्याने दहाच्या आत कळ दाबली होती आणि दार ओढून तो निघून गेला होता. विनीतच्या प्रेताशेजारी ते यंत्र दिवसभर एकटं थडगी बांधत बसलं होतं. डबा उघडला गेला नाही, कारण जेवणाच्या वेळेला जेवणारा मेलेला होता.

आणि सव्वातीनला दारात दिसलेल्या भाईची बोटं उगाच गेली होती.

५

"आता मला नाव हवंय," जान्हवी म्हणाली. "वेळेवरून मला वाटतंय ते नाव. पण वाटण्यावर कोर्ट चालत नाही. किती वाजता पुसलं ते प्रत्येक थडग्यावर लिहिलेलं असतं का?"

"नाही. वेळ नसते. पण क्रम असतो. पहिलं थडगं कुठलं, दुसरं कुठलं, सरळ ओळीने."

"सगळंच पुसलं, तर क्रमाने काय कळणार?"

"बघू तरी."

रश्मीने प्रत उघडली आणि अगदी सुरुवातीला गेली. प्रत्येक थडग्यावर नोंदीची खूण शिल्लक होती : होडीचा नंबर, तारीख, वेळ. प्रोग्राम आपला जुन्याकडून नव्याकडे जायचा. म्हणजे पहिलं थडगं फेब्रुवारीतलं असायला हवं होतं.

ते डिसेंबरातलं होतं. नऊ डिसेंबर. पहिली दोनशे बेचाळीस थडगी एकाच होडीची, त्याच एका दिवसाची. त्यानंतर एकतीस, दुसऱ्या होडीची, तोच दिवस, सकाळी सहा बेचाळीसला संपणारी. मग कुठे फेब्रुवारीपासून बाकीच्या किनाऱ्याची सुरुवात.

"आधी जे पुसायचं होतं ते पुसलं," जान्हवी म्हणाली. "मग लक्षात आलं, एवढंच गेलेलं दिसलं तर बोट कुठे जाईल ते. म्हणून सगळंच."

"एक कागद लपवायला घर जाळलं."

"ही एकतीसवाली होडी कोणाची?"

"लवूची."

"आणि दोनशे बेचाळीसवाली?"

रश्मीने यादी काढली, नंबर लावून पाहिला, पुन्हा पाहिला. मग पडदा जान्हवीकडे वळवला.

जान्हवीला नावाचं नवल वाटलं नाही.

"रश्मी, थडग्याखालचा जुना कागद अजून आहे म्हणालीस."

"झाडलोट केलेली नाही ना. आहे."

"काढ."

अर्ध्या तासाने दोन रेषा नकाशावर उमटल्या. लवूची होडी किनाऱ्यावरून जाळ्यांकडे गेलेली. दुसरी तिथे आधीच, जाळ्यांच्या रांगेवर इकडून तिकडे फिरत असलेली. सहा बेचाळीसला दोन्ही एकाच जागी. तिथे लवूची रेषा संपली. दुसरी संपली नाही. ती पंधरा-वीस मीटर पुढे गेली आणि थांबली. सहा चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास. चार नोंदी, एकच जागा. मग ती सरळ घराकडे वळली.

"आठ मिनिटं," रश्मी पुटपुटली. "आठ मिनिटं तो तिथेच उभा होता."

पाण्यात दोन माणसं हाका मारत असताना.

६

गुरुवारी सकाळी अकराला जान्हवीने सत्यवानला त्या खोलीत बोलावलं. संस्थेच्या नोंदी परत मिळवता येतील, सेक्रेटरीची सही हवी, एवढंच कारण सांगितलं. दोन शिपाई जिन्याखाली ठेवले होते.

तो आला, खुर्चीत बसला. तीच खुर्ची. त्याची नजर एकदाही फरशीकडे गेली नाही.

"दादा, या मशिनीतलं तुम्हाला काही कळत नाही म्हणालात," जान्हवीने सुरुवात केली.

"नायच कळणा."

"मे महिन्यात चाचणीच्या पाचशे नोंदी पुसल्या होत्या. कोणी?"

"तुम्हीच पुसल्या होत्या, काका," रश्मी म्हणाली. "विनीतने शेजारी बसून शिकवलं होतं. तीन सेकंद लागले. तुम्ही म्हणालात, ह्या बरा आसा, कागद फाडूक येळ लागता."

सत्यवान हसला. "आसात. इसारलंय."

"सोमवारी मात्र तीन सेकंदांत झालं नाही," जान्हवी म्हणाली. "आधी तुमच्या होडीच्या त्या दिवसाच्या नोंदी, मग लवूच्या. दोन्ही झटक्यात गेल्या. मग तुम्ही सगळं पुसायची कळ दाबलीत आणि वाट बघत बसलात. संपेना. समोर विनीत पडलेला. बाजारात जीप उभी. दहा वाजून गेले. शेवटी तुम्ही चहाचे दोन्ही कप खिशात घातलेत आणि दार ओढून गेलात. तीन वीसला ते काम आपलं आपण संपलं, आणि तुम्हाला देवगडचे चाळीस साक्षीदार मिळाले. ते तुम्ही रचलं नव्हतं. आयतं मिळालं."

"पुरावो?"

तिने नकाशाचा कागद पुढे सरकवला. तो खाली बघून वाचत राहिला.

"मी यंत्राची वायर काढललंय," तो म्हणाला. जणू एखाद्या दुकानदाराची तक्रार करत होता.

"आत सुटा सेल असतो," रश्मी म्हणाली. "वायर गेली तरी दिवसभर चालतो."

"जाळी तुम्हीच कापत होतात," जान्हवी म्हणाली. "स्वतःच्या माणसांची. लोक भाईवर पेटून राहावेत म्हणून. त्या पहाटे लवूने आणि गंगारामने तुम्हाला कोयत्यासकट पकडलं."

"लवू म्हणालो, दादा, तुमी? बस तितक्याच म्हणालो." सत्यवानचा आवाज अजूनही हळू होता. "माका वाटला, नुसती धडक देवया, घाबरतले. होडी फुटली. मगे मी थांबलंय. काढूचे म्हणान थांबलंय. पण काढले आसते तर ते बोलले आसते."

"आणि विनीत?"

"तो शाणो. तेका माझो संशयच नाय इलो. चाय घेवन इलो, नकाशो दाखयल्यान. म्हणालो, दादा, यंत्राची चूक आसतली, तुमची होडी थंय कशी आसात? रश्मी दुपारी येवन बघतली." त्याने प्रथमच फरशीकडे पाहिलं. "मी खाली जावन आकडो घेवन इलंय. तोवर तो चाय पीत होतो."

बोलता बोलता त्याचा हात सदऱ्याखाली गेला. जान्हवीला पातं दिसलं तेव्हा तो उठलेला होता. त्याने झेप घेतली ती रश्मीवर. मासे कापायची सुरी तिच्या गळ्याच्या रोखाने आली आणि तिने आडव्या घातलेल्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत उतरली. जान्हवीने काठी दोन्ही हातांनी धरून त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. सुरी पडली, तरी तो दुसऱ्या हाताने मशिनवर तुटून पडला, ते टेबलावरून ओढून त्याने फरशीवर आपटलं, लाथा घातल्या. एक, दोन, तीन.

"मूळ डिस्क ओरोसला आहे," जान्हवी म्हणाली.

शिपाई वर पोचले तेव्हा तो पत्र्याच्या त्या मोडक्या खोक्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता, मोडका हात छातीशी धरून. रश्मी भिंतीला टेकून आपला हात वर धरून उभी होती आणि रक्त तिच्या काखेपर्यंत ओघळत होतं.

७

रश्मीला सतरा टाके पडले. भाईची बोटं परत लागली नाहीत. सत्यवानला ओरोसला नेलं तेव्हा रस्त्यावर माणसं जमली होती, पण कोणी घोषणा दिली नाही. लोक एकमेकांकडे बघत नव्हते.

कृष्णाबाईला सांगायचं काम जान्हवीने दुसऱ्या कोणावर टाकलं नाही. ती घरी गेली तेव्हा बाई अंगणात सुकट उलटत बसली होती. जान्हवीने सगळं सांगितलं. जाळी, धडक, आठ मिनिटं. आठ मिनिटं सांगू नये, असं वाटेत ठरवलं होतं, पण बाई विचारत गेली आणि तिला खोटं बोलता आलं नाही.

कृष्णाबाई रडली नाही. हातातली सुकट तिने खाली ठेवली.

"मगे भाईचो ट्रॉलर थंय नव्हतोच?"

"नव्हतो."

"आणि तो खलाशी? बाबली?"

"तो तर सुट्टीवरून आदल्या रातीच इल्लो. त्याका काय म्हायत?"

बाईने सुकटीचे तळवे लुगड्याला पुसले.

"खारेपाटणाक एस्टी कितक्याक आसा?"

"कित्याक?"

"त्याची आवस आसा?"

"आई आसा. एकटीच आसा."

"माका आदी थंय जाव दी. मगे तुझ्याकडे येतंय, तेवा लिवन घी. सत्यवानान चूड पेटवन माझ्या हातात दिल्यान. पण टाकली ती मी. पाठीमागे कोण नव्हतो, कोणी माझो हात धरूक नव्हतो. आतसून आवाज इलो, तो मी आयकलंय. माका वाटला, भाईचो माणूस, मरांदे."

ऐकलं ते ऐकलं. कायद्याने बाईला तिथून ठाण्यात न्यायला हवं होतं आणि जबाब लिहायला हवा होता. जान्हवीने घड्याळ पाहिलं.

"दीडची गाडी आसा, कणकवली करून," ती म्हणाली. "मी येतंय वांगडा. संध्याकाळी ठाण्यात जावचा लागतला, ता आताच सांगतंय."

"होय."

जान्हवीने वर्दी बदलली. गाडीत दोघी शेजारी बसल्या. खारेपाटणच्या बाजारात उतरून त्यांनी घर विचारलं, तेव्हा पानवाल्याने हाताने दाखवलं आणि बाबलीचे कोण म्हणून विचारलं. कृष्णाबाई न थांबता पुढे चालू लागली.

नदीच्या बाजूला कौलारू, दोन खोल्यांचं घर. दार एका बारीक, पांढऱ्या केसांच्या बाईने उघडलं. आलेल्यांना तिने ओळखलं नाही, तरी आधी पाणी आणायला वळली.

"पाणी नको," कृष्णाबाई म्हणाली. "आदी आयक. मगे पाणी देवचा काय नाय, ता तू ठरव."

ती पायरीच्या खाली, मातीत बसली. तिने आधी आपलं नाव सांगितलं, मग गाव, मग आपल्या मुलाचं नाव, आणि मग काय केलं ते.